माळावर सोलर येण्याआधी पक्षी मोजा: सोलापूर जिल्ह्यासाठी सविस्तर मार्गदर्शक

सोलर प्लांटचा विषय निघाला की बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच येतो: तिथे उडणारे पक्षी भाजून मरतात, हे खरं का? खरं आहे, पण ते वेगळ्या प्रकारच्या प्रकल्पात. कॅलिफोर्नियातल्या आयव्हनपा इथे २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात हजारो आरसे ऊन एका उंच मनोऱ्याच्या टोकावर एकवटतात आणि त्या झोतात शिरलेल्या पक्ष्याची पिसं करपतात. आपल्याकडे माळावर उभे राहतायत ते सपाट काचेच्या पॅनेलचे प्रकल्प. त्यांच्यावर बसलेला पक्षी असा करपत नाही. तेव्हा मोबाइलवर फिरणारे ते व्हिडिओ बाजूला ठेवू आणि आपल्या माळावर काय होतं ते बघू.

ज्या बरड, मुरमाड, खुरट्या गवताच्या जमिनीची नोंद सातबाऱ्यावर पोटखराब किंवा पड अशी असते, नेमक्या त्याच जमिनीवर धाविक, माळटिटवी, पखुर्डी आणि चंडोल अंडी घालतात. तिथे पॅनेलच्या रांगा लागल्या की त्यांचा वावर आटतो. आधी ते किती होते हे कुणी लिहून ठेवलेलं नसेल, तर ते गेले हे नंतर दाखवताही येत नाही. म्हणून या लेखात मी सगळ्यात जास्त जोर एकाच कामावर देणार आहे: पहिला खांब रोवण्याआधीची मोजणी. बाकीची कामं उशिरा सुरू केली तरी चालतात, हे एक चालत नाही.

हे काम ग्रामपंचायत सदस्य, शाळेतले शिक्षक, गावातली पोरं, जमीन भाड्याने देणारा शेतकरी किंवा प्लांटवरचा सुपरवायझर यांपैकी कुणीही करू शकतो. एक दुर्बीण, एक वही, मोबाइल आणि पहाटे उठायची तयारी एवढं पुरतं.

नुकसान होतं ते कोणत्या वाटांनी

पहिली वाट जमिनीची. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केप प्रांतातल्या ९६ मेगावॅटच्या एका प्रकल्पात अभ्यासकांनी आत, कुंपणालगत आणि शेजारच्या मोकळ्या माळावर पक्षी मोजले. आत ३८ जाती सापडल्या, कुंपणालगत ५० आणि मोकळ्या माळावर ४७. आपण यातून घ्यायचं ते असं की नुसती पक्ष्यांची एकूण संख्या लिहू नका, जातवार लिहा. आत पारवे, होले, साळुंक्या आणि चिमण्या वाढतील, पॅनेलच्या कडेवर कोतवाल आणि खाटीक हे पक्षी बसतील, आणि बेरीज छान दिसेल. त्याच वेळी चंडोल आणि धाविक यादीतून गळालेले असतील. धाविकाला चारी बाजूंना लांबवर दिसेल असं उघडं रान लागतं; पॅनेलच्या दोन रांगांमधल्या पट्ट्यात त्याला ते मिळत नाही.

दुसरी वाट तारांची, आणि मोठ्या पक्ष्यांसाठी हीच सगळ्यात घातक. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजाप्रमाणे थरच्या वाळवंटात सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरच्या टापूत वीजवाहिन्यांमुळे वर्षाला ८४ हजारांच्या घरात पक्षी मरतात. माळढोकाच्या कुळातल्या पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात; उडताना खाली जमीन न्याहाळायला मान झुकवली की समोरचा काही भाग त्यांना दिसतच नाही. त्यात नराचं वजन पंधरा किलोच्या आसपास. शेवटच्या क्षणी तार दिसली तरी वळता येत नाही. १९७९ मध्ये सोलापूरजवळच्या नान्नजला अभयारण्य झालं ते याच पक्ष्यासाठी, आणि आज तो तिथे क्वचितच दिसतो. तो उरलेला असो वा नसो, कांड्या करकोचा, मोर, गिधाडं, गरुड आणि भोवत्या (माळावर घिरट्या घालणारे शिकारी पक्षी) हेही त्याच तारांच्या उंचीवर उडतात.

तिसरी वाट पाण्याच्या भासाची. चकचकीत काळ्या काचेवरून परावर्तित होणारा प्रकाश पाण्यावरून येणाऱ्या प्रकाशासारखाच ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंपणारा, असतो. पाण्यात अंडी घालणारे कीटक पॅनेलला फसून त्यावर अंडी घालतात, हे २०१० मध्ये प्रयोगांनी दाखवलं गेलं, आणि पॅनेलवर पांढऱ्या रेघांची जाळी असेल तर ते कमी फसतात हेही दिसलं. पाणपक्षीसुद्धा असेच फसत असावेत असा तर्क आहे. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या प्रकल्पांत पाणपक्षी मेलेले सापडले आहेत. तर्क मात्र अजून पुरता सिद्ध झालेला नाही. आपल्याकडे उजनी, हिप्परगा, होटगी आणि कुरनूर या जलाशयांच्या जवळच्या प्रकल्पांनी ही गोष्ट गांभीर्याने घ्यावी. टिबुकली या लहान पाणपक्ष्याला पाण्यावर धाव घेतल्याशिवाय उडता येत नाही. ती जमिनीवर उतरली तर जखम नसतानाही अडकून पडते.

चौथी वाट कुंपणाची. ती छोटी वाटते, पण तित्तर, लावे आणि टिटवीची पिल्लं जाळीच्या आत-बाहेर करू शकत नाहीत. दुहेरी कुंपण असेल तर मधल्या पट्ट्यात मोठे पक्षी अडकतात, त्यांना उडायला पुरेशी धाव मिळत नाही.

सपाट पॅनेलच्या प्रकल्पांत सगळ्या कारणांनी मिळून किती पक्षी मरतात? अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या प्रकल्पांची सरासरी मेगावॅटमागे वर्षाला सुमारे अडीच पक्षी अशी निघाली आहे. हा आकडा सोलापूरला जसाच्या तसा लावू नका. आपला आकडा आपल्यालाच काढावा लागेल, आणि त्याची पद्धत पुढे दिली आहे.

पायरी पहिली: जमीन कोणती, ते आधी कळायला हवं

शेतीपंपांना दिवसा सौर वीज देण्यासाठीच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये खाजगी जमिनीला एकरी वर्षाला ५० हजार रुपये भाडं आणि त्यावर दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते. बरडावर ज्वारी पेरून एवढं कधीच सुटत नाही, त्यामुळे शेतकऱ्याने जमीन दिली तर त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. गायरानंही या योजनेत जातात. मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर लागतात, आणि जागा महावितरणच्या उपकेंद्रापासून पाच-दहा किलोमीटरच्या आत हवी असते.

याचा परिणाम नीट समजून घ्या. राजस्थानसारखा एकच अवाढव्य प्रकल्प आपल्याकडे येत नाही. वीस-पंचवीस एकरांचे तुकडे तालुक्यातालुक्यात विखुरतात. प्रत्येक तुकडा एकट्याने बघितला तर किरकोळ वाटतो. पण प्रत्येकाला स्वतःचं कुंपण, स्वतःचा रस्ता आणि उपकेंद्रापर्यंत जाणारी स्वतःची लाइन असते. एका माळाला चार बाजूंनी असे चार तुकडे लागले की मधला माळ कागदावर मोकळा राहतो, पण पक्ष्यांना तो तारांनी वेढलेला मिळतो. म्हणून नकाशावर एकाच प्रकल्पाची चौकट काढून थांबू नका. दहा किलोमीटरच्या परिघातले झालेले आणि येऊ घातलेले सगळे प्रकल्प आणि सगळ्या लाइनी त्याच नकाशावर घ्या.

नकाशासाठी गट नंबर घेऊन महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर हद्द बघा आणि गूगल अर्थवर ती आखा. मग ‘एव्हिस्टेप’ हे ऑनलाइन साधन उघडा. बर्डलाइफ इंटरनॅशनलने केलेलं हे साधन मोफत आहे. भारताच्या नकाशावर पाच बाय पाच किलोमीटरचे चौकोन पाडून सौर, पवन आणि वीजवाहिन्यांसाठी कुठला चौकोन पक्ष्यांच्या दृष्टीने किती नाजूक आहे, हे त्यात दाखवलंय. आपला चौकोन नाजूक निघाला तर ते पान छापून ठेवा, ग्रामसभेत उपयोगी पडतं. मात्र चौकोन साधा निघाला म्हणून माळ रिकामा आहे असं समजू नका. एवढ्या मोठ्या चौकोनात वीस एकरांचा चांगला माळ सहज दबून जातो.

नान्नज, मार्डी, कारंबा, अकोलेकाटी, वडाळा या पट्ट्यात जागा असेल, तर अभयारण्याच्या हद्दीबद्दल आणि पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राबद्दल वनविभागाकडे लेखी विचारणा करा. अभयारण्य पुणे वन्यजीव विभागाकडे येतं. प्रादेशिक वनविभागाचं कार्यालय वेगळं आहे. अर्ज दोन्हीकडे द्या.

आणखी एक गोष्ट. सपाट पॅनेलच्या सौर प्रकल्पांना केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेखालची पर्यावरण मंजुरी लागत नाही. म्हणजे आधी पक्ष्यांचा अभ्यास करून घेण्याचं कायदेशीर बंधन कंपनीवर त्या वाटेने येत नाही. गावाने नोंद ठेवली नाही तर बहुतेक वेळा ती कुणाकडेच नसते.

पायरी दुसरी: आधीची मोजणी

प्रकल्पाच्या जागेवर मोजणीचे बिंदू ठरवा, एकमेकांपासून किमान ३०० मीटर लांब. वीस एकरांत दोनच बसतील, मग हद्दीबाहेर पाचशे मीटरपर्यंत आणखी चार-पाच घ्या. प्रत्येक बिंदूचं स्थान मोबाइलमध्ये जतन करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: जोडीची जागा. एक-दोन किलोमीटरवर तशीच जमीन, तसंच गवत, तशीच चराई असलेला, पण प्रकल्प न येणारा माळ शोधा आणि तिथेही तेवढेच बिंदू ठेवा. आपल्या जिल्ह्याचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. दुष्काळी वर्षात पक्षी सगळीकडेच घटतात. जोडीची जागा नसेल तर घट पॅनेलमुळे झाली की पावसामुळे, हे सांगताच येणार नाही आणि कंपनीचा माणूस बरोबर तिथेच बोट ठेवेल.

सूर्योदयापासून अडीच तासांच्या आत मोजणी संपवा. बिंदूवर पोहोचल्यावर दोन मिनिटं गप्प उभे राहा, मग दहा मिनिटं मोजा. शंभर मीटरच्या आतले पक्षी एका रकान्यात, त्यापलीकडचे दुसऱ्यात, नुसते वरून उडत गेलेले तिसऱ्यात. पखुर्ड्या सकाळी पाण्यावर जातात तेव्हा थव्याने डोक्यावरून जातात. त्या तिसऱ्या रकान्यात जातील, पण त्यांची दिशा लिहा. ती दिशा आणि नियोजित लाइनीची दिशा आडवी येत असेल तर ही माहिती सोन्यासारखी आहे.

वहीत तारीख, वेळ, वारा, ढग, जात, संख्या आणि पक्षी काय करत होता, एवढं हवंच. काही दिसलं नाही तर शून्य लिहा. रिकामी ओळ आणि शून्य यांत फरक आहे: शून्य म्हणजे कुणीतरी तिथे उभं राहून बघितलं होतं.

मोजणी तिन्ही ऋतूंत हवी. डिसेंबर-जानेवारीत स्थलांतरित भोवत्या असतात; ते दिवसभर माळावर घिरट्या घालतात आणि संध्याकाळी गवतात जमिनीवर थव्याने रात्र काढायला उतरतात. ही उतरायची जागा प्रकल्पात जात असेल तर सकाळच्या मोजणीत ती कधीच दिसणार नाही. त्यासाठी सूर्यास्ताआधी तासभर जाऊन बसा. त्याच वेळी रातवा आणि करवानकही बोलायला लागतात. एप्रिल-मेमध्ये टिटव्या आणि धाविक अंड्यांवर असतात. जुलै ते सप्टेंबर लाव्यांचा हंगाम.

नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही चढवा, म्हणजे वही हरवली तरी माहिती राहते. माळढोक किंवा तणमोर हा दुर्मीळ पक्षी दिसला तर मात्र त्याची जागा कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. थेट वनविभागाला कळवा.

पायरी तिसरी: घरटी

माळावरची बहुतेक घरटी म्हणजे जमिनीवरचा एक उथळ खळगा. माळटिटवीची अंडी मुरमाच्या खड्यांत अशी मिसळतात की पाय पडेपर्यंत कळत नाही. ती शोधत फिरू नका. लांबून दुर्बिणीने पक्ष्याकडे बघा. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत असेल तर तुम्ही आधीच फार जवळ आलात, मागे फिरा. डोंबारी चंडोलाचा नर वर चढतो, पंख मिटून खाली सूर मारतो, पुन्हा चढतो. ही कसरत एकाच पट्ट्यावर रोज चालत असेल तर तिथे त्याचा संसार आहे असं धरा.

खुणेचा झेंडा किंवा चुन्याची रेघ घरट्याजवळ कधीच लावू नका. कावळे आणि मुंगसं खूण शिकतात. स्थान मोबाइलमध्ये ठेवा, पन्नास मीटरवरून. मेंढपाळांना विचारा. वर्षानुवर्षं त्याच माळावर मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगराला कुठे पखुर्डी उठते आणि कुठे तित्तर बोलतो हे ठाऊक असतं. त्यांनी सांगितलेलं वेगळ्या रकान्यात, पण लिहाच.

पायरी चौथी: ग्रामसभेत काय मागायचं

सगळ्यात आधी पर्यायी जागा. ऊसपट्ट्यात पाणी तुंबून चोपण (क्षारपड) झालेल्या जमिनी आहेत, बंद पडलेल्या खाणी आहेत, शाळांची, गोदामांची आणि साखर कारखान्यांची छपरं आहेत. चांगला माळ वाचवून तीच वीज तिथे होत असेल तर तो प्रश्न ठरावात लिहून विचारला पाहिजे.

माळच जाणार असेल तर अटी नेमक्या घाला. ‘पर्यावरणाची काळजी घेतली जाईल’ असल्या वाक्याला काही किंमत नाही. सपाटीकरण ऑक्टोबर ते जानेवारीतच. मार्च ते सप्टेंबर जमिनीला हात नाही. कुंपणाची जाळी जमिनीपासून पंधरा-वीस सेंटिमीटर वर, आणि दुहेरी कुंपण नको. आतल्या केबल जमिनीखालून. उपकेंद्राकडे जाणारी लाइन शक्यतो रस्त्याच्या किंवा आधीच्या लाइनीच्या कडेने, आणि तिच्यावर पक्ष्यांना दिसतील असे डायव्हर्टर, म्हणजे तारेवर लावायच्या ठळक खुणा. अशा खुणांमुळे धडका सरासरीने निम्म्यावर येतात असं अनेक अभ्यास एकत्र केल्यावर दिसलंय. निम्मं म्हणजे पूर्ण नव्हे, त्यामुळे डायव्हर्टर लावलेत म्हणून लाइन माळाच्या मधोमध नेऊ द्यायची नाही. खांबावरचे जंपर (तारा जोडणारे तुकडे) आणि इन्सुलेटरजवळचा भाग झाकलेला असावा. गरुड आणि शिक्रे बसतात तिथेच शॉक लागून मरतात.

गवतासाठी तणनाशक चालणार नाही, हेही करारात हवं. पॅनेलच्या खालच्या कडेपर्यंत गवत राहू द्यावं आणि कापणी ऑक्टोबरनंतर करावी. मेंढरं सोडली तर कापणीचा खर्चही वाचतो. रात्रीचे दिवे खाली तोंड केलेले आणि गरजेपुरतेच.

झाडांबद्दल मला फार कळकळीने सांगायचंय. ‘इतकी झाडं लावू’ हे आश्वासन ऐकून ग्रामसभा खूश होते. माळावर झाडं लावू नका, लावू देऊ नका. माळाचे पक्षी झाडांपासून लांब राहतात, कारण झाडावर कावळा आणि ससाणा बसतो. प्रकल्पाने खाल्लेल्या माळाची भरपाई शेजारच्या माळावर झाडं लावून केली तर दोन्ही माळ गेले. भरपाई हवी असेल तर दुसऱ्या एखाद्या माळावरची वेडी बाभूळ काढून तिथे मारवेल आणि पवना ही गवतं वाढू देण्याची मागा.

पायरी पाचवी: प्रकल्प झाल्यावर मेलेले पक्षी शोधणं

यासाठी कंपनीची लेखी परवानगी घ्या, आत वीज आहे. एकूण रांगांपैकी एक चतुर्थांश रांगा चिठ्ठ्या टाकून निवडा आणि आठवड्यातून एकदा सकाळी त्याच रांगांतून चालत जा. लाइनीखालचा पट्टा आणि कुंपणाची कडही धरा. जोडीच्या माळावरही तेवढाच पट्टा चाला, कारण पक्षी तसेही मरतातच.

सापडलेल्या पक्ष्याचा फोटो शेजारी पेन किंवा पट्टी ठेवून काढा. वरच्या पॅनेलवर पिसांचा ठसा असेल तर धडक. नखांवर किंवा पंखावर जळाल्याची खूण असेल तर शॉक. नुसता पिसांचा सडा असेल तर कारण ‘माहीत नाही’ असंच लिहा. शिकारी प्राण्याने जिवंत धरला की मेलेला उचलला हे सडा बघून कळत नाही. मेलेला संरक्षित पक्षी वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे सरकारी मालमत्ता असतो, घरी नेऊ नका. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. जिवंत जखमी असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. टिबुकली धडधाकट दिसत असेल तरी जागेवर सोडून येऊ नका, वनविभागाला विचारून तळ्यावर न्यावी लागते.

आता हिशेब. सापडलेले म्हणजे मेलेले सगळे नव्हेत. काही कुत्री, मुंगसं, कावळे उचलतात, काही नजरेतून सुटतात. त्यासाठी हॅचरीतून (कोंबडीची अंडी उबवणाऱ्या केंद्रातून) मेलेली पिल्लं आणून एकाने गुपचूप रांगांत टाकावीत आणि दुसऱ्याने शोधावीत. समजा २० टाकली आणि १२ सापडली, तर नजर ६० टक्के. तीच पिल्लं तशीच ठेवून आठवड्याने बघावीत. १० उरली तर टिकण्याचं प्रमाण ५० टक्के. आता वर्षभरात खरे पक्षी ६ सापडले असतील तर ६ भागिले ०.६ भागिले ०.५, म्हणजे २०. आणि आपण चतुर्थांश रांगाच बघितल्या, म्हणून चौपट, ८०. हे आकडे फक्त रीत समजावी म्हणून घेतलेत, पण सहाचे ऐंशी कसे होतात ते बघा. ‘वर्षात सहाच मेले’ असं कुणी म्हणालं तर शोध किती दिवसांनी घेतला आणि नजर कधी तपासली, हे दोन प्रश्न विचारा.

पायरी सहावी: आधीचं आणि नंतरचं शेजारी ठेवणं

प्रकल्प सुरू झाल्यावर निदान दोन वर्षं, तेच बिंदू, तेच ऋतू, तीच वेळ आणि जमलं तर तीच माणसं. मग प्रत्येक जातीचे चार आकडे मांडा. उदाहरणादाखल, प्रकल्पाच्या जागेवर डोंबारी चंडोल आधी २४ आणि नंतर ९. जोडीच्या जागेवर आधी २२ आणि नंतर २०. जोडीच्या जागेवरची दोनची घट पावसापाण्याची समजा. प्रकल्पाच्या जागेवरही तेवढीच अपेक्षित होती, झाली पंधरांची. हा फरक कुठल्याही अधिकाऱ्याला एका मिनिटात समजतो.

अहवाल दोन-तीन पानांचाच ठेवा: नकाशा, तक्ता, फोटो, मोजणाऱ्यांची नावं आणि पद्धत. ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंद करून प्रती वनविभाग, महावितरण आणि कंपनीला द्या आणि पोच घ्या. घट दिसली तर सोबत नेमकी मागणी जोडा: कुठल्या खांबापासून कुठल्या खांबापर्यंत डायव्हर्टर हवेत, कुंपणाची कुठली बाजू उचलायची, कुठल्या महिन्यातली कापणी थांबवायची. तालुक्यात पुढचा प्रकल्प येईल तेव्हा हीच फाइल घेऊन त्या गावच्या ग्रामसभेला जा, आणि तिथली मोजणी खांब येण्याआधी सुरू करून द्या.